पाळी गेल्यावरची आग

(आमच्या संघटनेच्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव ‘उतारवयातील स्त्री-आरोग्य’ असं छापलंय. ते मीच दिलं होतं. काल रात्री झोपताना वाटलं, हे नाव म्हणजे वरून घेतलेला पदर आहे. खरं नाव सांगते: पाळी गेल्यानंतर लघवीच्या आणि योनीच्या जागी होणारी आग, खाज, चुरचुर. हसताय ना? हसून घ्या. मागे बसलेल्या तिघीचौघी हसत नाहीयेत, तेही मला दिसतंय.

आपण काय काय बोललो आजवर! पाळीच्या विटाळावर बोललो, गर्भपातावर बोललो, बलात्काराच्या कायद्यावर रस्त्यावर उतरलो. गावोगावच्या शिबिरांत मी स्वतः शरीराची चित्रं भिंतीवर लावून गर्भाशय कुठे, बीजांडं कुठे ते शिकवलं. पण ती चित्रं तरुण बाईची असायची. आपणही तेव्हा तरुण होतो. पुढे आपल्या पाळ्या गेल्या, चित्रं मात्र तीच राहिली.

माझी पाळी 2010 साली गेली, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. अंगातून वाफा निघायच्या, घाम फुटायचा. त्याबद्दल आम्ही बैठकीत मोकळेपणानं बोलायचो, एकमेकींना वारा घालायचो. वाफा दोनतीन वर्षांत कमी झाल्या. मला वाटलं, सुटले. 2014 च्या सुमाराला हे दुसरं सुरू झालं. आधी लघवी करताना आग. मग बसल्या जागी चुरचुर, चालताना कपडा लागला तरी नको व्हायचं. कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसलो होतो, रेशनच्या प्रश्नावर. मी दर दहा मिनिटांनी मांडी बदलत होते. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, “ताई, गुडघे दुखतात का?” मी हो म्हणाले. गुडघे दुखणं सभ्य असतं.

तीन डॉक्टर झाले. तिघांनीही टेबलापलीकडूनच औषध लिहिलं. मूत्रमार्गाचा संसर्ग म्हणून प्रतिजैविकं, मग बुरशीची गोळी, मग आणखी एक मलम. लघवीच्या तपासणीत काही सापडत नव्हतं, तरी गोळ्या चालूच. एकानंही ‘बघू’ म्हटलं नाही. आता मी त्यांना नावं ठेवते, पण मीही ‘बघा’ म्हटलं नाही. पडद्यामागे जावं लागलं नाही याचा मला सुटकारा वाटला होता.

घरी माझे उपाय चालू होते. मला पक्कं वाटायचं की ही अस्वच्छता आहे. मग कढत पाणी, त्यात जंतुनाशक औषधाचं टोपण, साबण, दिवसातून तीनदा. जितकं धुवावं तितकी आग. आग झाली की आणखी धुवायचं. चार वर्षं हे केलं मी, आरोग्याची कार्यकर्ती असून.

आणि नवऱ्याजवळ जाणं बंद झालं. तो चळवळीतलाच, समजूतदार माणूस. पण मी त्यालाही सांगितलं नाही. रात्री उशिरापर्यंत अहवाल लिहीत बसायचं आणि बाहेरच्या खोलीत पथारी टाकायची. एक दिवस त्यानं विचारलं, “माझं काही चुकलं का?” तेव्हा मला रडू आलं. तरीही सांगताना शब्द सापडेनात. ‘दुखतं’ एवढंच म्हटलं. कुठे, कसं, ते नाही.

शेवटी 2018 मध्ये एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागातल्या बाईंकडे गेले. गेले होते हाताच्या चट्ट्यासाठी. निघताना उंबऱ्यात थांबून बोलले. त्यांनी परत आत बोलावलं, पडदा ओढला, दिवा घेतला आणि नीट पाहिलं. मग माझ्या हातात आरसा दिला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. दुसऱ्या बायकांना आरसा धरून बघा म्हणून मीच सांगत आले होते!

त्यांनी जे समजावलं आणि मी नंतर वाचलं, ते तुम्हांला सांगते. पाळी जाते तेव्हा बीजांडांतून येणारं इस्ट्रोजेन खूप कमी होतं. आपल्याला वाटतं त्याचं काम फक्त गर्भाशयाशी. तसं नसतं. योनी, तिच्या बाहेरच्या पाकळ्या, मूत्रमार्ग, मूत्राशय या सगळ्यांची कातडी त्याच्यावर जगते. ते कमी झालं की तिथलं रक्त कमी होतं, ओल कमी होते, कातडी पातळ आणि कोरडी होते, तिची लवचीकता जाते. योनीत चांगले जंतू असतात, ते तिथं आंबटपणा राखतात आणि वाईट जंतूंना थोपवतात. तेही कमी होतात. म्हणून आग, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, बारीक चिरा, घाईची लघवी आणि काहींना खरोखरचा मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा. पाळी गेलेल्या बायकांपैकी निदान निम्म्या जणींना यातलं काही ना काही होतं. 2014 साली डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून एक नवं नाव दिलं, तोवर योनीच्या ‘क्षीणते’सारखे शब्द वापरत. आणि एक फरक ध्यानात ठेवा: वाफा आपोआप ओसरतात, हे आपोआप ओसरत नाही. उपचार नाही केले तर बहुधा वाढतच जातं. ‘होईल बरं’ म्हणून सोसत बसण्यात काही अर्थ नाही.

उपाय साधे आहेत. पहिला म्हणजे धुणं थांबवा. दिवसातून एकदा साधं कोमट पाणी, बस. साबण नाही, जंतुनाशक नाही, तुरटी नाही, आत पाणी मारणं तर नाहीच. दुकानांत ‘ताजेपणा’च्या नावाखाली सुवासिक पाणी विकतात ना, ते आपल्याला घाण ठरवून पैसे काढायचं काम आहे. आपण विटाळ धुडकावून लावला आणि तो बाटलीत भरून परत आला. सुती, सैल कपडे घाला, चड्डी-परकराचा साबण नीट खळबळून काढा. बाहेरच्या कातडीवर साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली किंवा शुद्ध खोबरेल तेल पातळ लावलं तर लघवीची आग कमी होते. जिथं निरोध वापरला जातो तिथं मात्र तेल नको, त्यानं रबर फाटतं. तिथं पाण्यासारखं वंगण दुकानात मागायचं. पाणी प्या. आपण एस.टी.च्या प्रवासात पाणी पीत नाही, कारण उतरल्यावर जायला जागा नसते. लघवी घट्ट झाली की आग आणखी वाढते. मुंबईत 2011 पासून बायकांनी मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली, ती मला तेव्हा शहरी वाटली होती. आता नाही वाटत.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं इस्ट्रोजेनचं मलम किंवा छोटी गोळी योनीत ठेवायची असते. सुरुवातीला साधारण दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात, घाई करू नका. मी डबीतला कागद वाचला आणि पंधरा दिवस ते मलम लावलंच नाही, इतकं त्यात कॅन्सरचं भय होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते इशारे बरेचसे पोटात घ्यायच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांच्या अनुभवावरून आले आहेत. जागच्या जागी लावलेल्या थोड्या औषधातलं रक्तात फार कमी जातं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय त्यांनी मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मला तीन महिन्यांत फरक पडला. आता मी धरण्याला मांडी घालून बसते.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. हे मलम नवऱ्याच्या सोयीसाठी नाही. काही जणींना संबंध हवे असतात, या वयातही हवे असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही जणींना नको असतात, आणि दुखण्याच्या निमित्तानं सुटका झाली याचं त्यांना बरंच वाटतं. दुखणं बरं झालं तरी ‘नाही’ म्हणायचा हक्क शिल्लक असतो. त्यासाठी आग सोसत राहायची गरज नाही.

आता आक्कांचं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “नाव नगं, बाकी समदं सांग.”

2016 साली आम्ही मोर्चाहून एस.टी.नं परत येत होतो. मागच्या बाकावर आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, “बाई, खाली मुंग्या चावल्यावानी व्हतंय. रातच्याला तर नकोच.” मला तेव्हा स्वतःलाच चुरचुर होत होती. आणि मी काय म्हणाले? “साखर तपासून घ्या.” सल्ला चूक नव्हता. मधुमेहात तिथं बुरशी होते, खाज सुटते. कित्येकींचा मधुमेह असाच कळतो. पण मी तो सल्ला विषय बंद करायला दिला. आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

पुढे 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जात असल्याचं बाहेर आलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. आम्हीही आमच्या भागात ऊसतोड बायकांच्या बैठका घेतल्या. एक पोरगी होती, पस्तिशीच्या आतली. गर्भाशयाबरोबर बीजांडंही काढलेली. तिला हीच आग. बीजांडं गेली की पाळी एका रात्रीत जाते आणि हे सगळं तरुणपणीच सुरू होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला समजावलं, चित्र काढून. आक्का शेजारी बसून ऐकत होत्या. परतताना म्हणाल्या, “मलाबी तसंच व्हतंय की. तवा गाडीत सांगितलं हुतं तुला.”

दुसऱ्याच दिवशी त्यांना त्या त्वचारोगाच्या बाईंकडे नेलं. रस्त्यात त्यांनी खरी भीती सांगितली. तिथं पांढरं उठलं होतं. “कोड म्हनत्याल. नातीचं जमत आलंया.” म्हणून सासर-माहेरच्या कुणालाही बोलल्या नव्हत्या. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून लावायच्या, बुरशी-जंतू-स्टेरॉइड सगळं एकत्र असतं ती. निंबाच्या पाल्याचं पाणी घ्यायच्या. कपडे धुण्याच्या साबणानं घासायच्या.

कोड नव्हतं. त्याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. कातडी पांढरी आणि कागदासारखी पातळ होते, रात्री फार खाज येते, खाजवून चिरा पडतात. कोडात खाज सहसा नसते आणि कातडीचा पोत बदलत नाही. हा रोग संसर्गाचा नाही, अस्वच्छतेचा नाही, कुणाला लागत नाही. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो. त्याला इस्ट्रोजेनचं मलम पुरत नाही, तीव्र स्टेरॉइडचं मलम लागतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, आधी रोज आणि मग कमी करत. दुकानातली ट्यूब अंदाजानं लावायची आणि मनानं सोडायची, हे नव्हे. थोड्या जणींत पुढे तिथं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून बरं वाटलं तरी वर्षातून एकदा दाखवत राहायचं.

महिन्याभरात आक्का म्हणाल्या, “सलग झोपले, बाई.” पण आतल्या पाकळ्या पुसल्यासारख्या झाल्या होत्या, कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या परत येत नाहीत. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आधी आल्या असत्या तर एवढं झालं नसतं. आक्का माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. एस.टी.तली ती तीन वर्षं माझ्या हिशेबात आहेत.

राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायका तपासल्या, 1989 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. आम्ही तो आकडा किती भाषणांत वापरला! मी त्या उरलेल्या 92 मध्ये आहे, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

कधी ताबडतोब दाखवायचं, तेवढं लिहून घ्या. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून लाल गेलं, एक थेंब जरी, तरी. तिथं गाठ लागली, न भरणारी जखम झाली, पांढरा किंवा काळा डाग वाढत गेला, तरी. आणि डॉक्टर न पाहताच औषध लिहायला लागले तर म्हणायचं, “आधी बघा.” एकटीला धीर होत नसेल तर दोघी जा. आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आम्ही इस्ट्रोजेनच्या मलमाची चौकशी केली तेव्हा ते नव्हतं. आपापल्या तालुक्यात विचारा आणि पुढच्या बैठकीला लेखी उत्तर आणा, मग एकत्र निवेदन देऊ.

आता चहा आलाय. दाराशी बुटाचं खोकं ठेवलंय, त्यात चिठ्ठ्या टाका, नाव घालू नका. लिहिता येत नसेल तर मी स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर बसलेय. आरसा आणि बॅटरी पिशवीत आहे. आक्काही तिथंच असतील.