घड्याळ केव्हापासून मोजायचे?



भाजलेल्या रुग्णाविषयी अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला प्रश्न विचारला, तर पुस्तकातले उत्तर ती सहसा चुकत नाही. नवांचा नियम तिला पाठ असतो. प्रौढाचे डोके व मान मिळून ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढील व मागील बाजू प्रत्येकी १८, आणि उरलेला १ जननेंद्रियांचा. एडिनबरोचे शल्यविशारद वॉलेस यांच्या १९५१ मधील लेखामुळे रूढ झालेला हा नियम तान्ह्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्याचे डोकेच जवळजवळ १८ टक्के भरते. हेही तिला ठाऊक असते. डॅलसच्या बॅक्स्टर यांचे १९६८ चे सूत्र तर वहीच्या पहिल्याच पानावर असते : ४ मिलिलिटर गुणिले किलोग्रॅममधील वजन गुणिले भाजलेल्या भागाची टक्केवारी. एवढे रिंगर लॅक्टेट २४ तासांत द्यावयाचे. त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत.

अडचण आहे ती या ८ तासांत. ते कोणत्या क्षणापासून मोजायचे?

५० किलो वजनाची एक स्त्री सकाळी ६ वाजता स्टोव्हच्या भडक्याने ४० टक्के भाजली, असे समजा. सूत्राने एकूण ८,००० मिलिलिटर होतात, निम्मे ४,०००. खेड्यातून वाहन मिळवून ती रुग्णालयात पोचते ९ वाजता. विद्यार्थिनी दाखल झाल्याची वेळ पाहते, ४,००० ला ८ ने भागते आणि ताशी ५०० चा हिशेब मांडते. गणित बरोबर, उपचार चुकलेला. द्राव केशवाहिन्यांतून झिरपू लागतो तो भाजल्या क्षणापासून. रुग्णालयाच्या नोंदवहीची तो वाट पाहत नाही. वाटेत काहीच दिले गेले नसेल, तर ती ४,००० मिलिलिटर उरलेल्या ५ तासांत, म्हणजे ताशी ८०० या वेगाने, जावयास हवीत. अर्थात सूत्र ही केवळ सुरुवात. पुढचा वेग लघवीच्या मोजमापावरून ठरतो; प्रौढात ती ताशी ३० ते ५० मिलिलिटर असावी. अधिक द्राव दिल्यानेही सूज वाढते व फुप्फुसांवर ताण येतो.

तेव्हा पहिला प्रश्न ‘किती भाजली?’ इतकाच ‘केव्हा भाजली?’ हाही आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर मिळवणे अधिक अवघड. नातेवाईक घड्याळ सांगत नाहीत. ‘चहा ठेवला होता तेव्हा’ किंवा ‘धाकटा शाळेला निघाला होता’ असे सांगतात. त्याचे तास करावे लागतात : शाळा किती वाजता भरते, पोराला चालत किती वेळ लागतो. कधी पोलिसांच्या भयाने वेळ लपवलीही जाते. मग शुद्धीवर असलेल्या रुग्णालाच, सासर-माहेरची माणसे बाजूला करून, हळूच विचारावे लागते.

हे विचारता विचारता हात रिकामे ठेवू नयेत. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज चढण्यापूर्वी काढाव्या लागतात. पुष्कळदा स्त्रिया त्याला नकार देतात, आणि घरची वडीलधारी बाई मध्ये पडते. तिला समजावण्यात दोन मिनिटे गेली तरी चालेल. बोट काळेनिळे पडल्यावर तीच बांगडी कापावी लागते. आणि जेथे जखम खोल व पांढुरकी आहे, तेथे रुग्ण ‘दुखत नाही’ म्हणाली, म्हणून तो भाग टक्केवारीतून वगळू नये : तेथे वेदना सांगणारे मज्जातंतूच जळालेले असतात.

सापडलेली वेळ कागदावर लिहिताना ती कोणी सांगितली, तेही शेजारी लिहावे.