टेन्शन



इंग्रजीच्या तासाला आपण 'टेन्शन म्हणजे ताण' असं पाठ केलं. लॅटिनमधला 'तेंदेरे' आणि संस्कृतमधला 'तन्' हे दोन्ही ताणण्याचेच धातू, एकाच मुळातले. पुढे निघोज्यात कंपन्या आल्या आणि हा शब्द मला मशीनच्या बेल्टवर भेटला. बेल्ट सैल असला तर घसरतो, जास्त ताणला तर बेअरिंग जातं. तिथं टेन्शन लागतंच, पण बेतानं.

'आय हॅव टेन्शन' हे मात्र आपलं देशी इंग्रजी. मुलाखतीत मी तेच बोललो आणि साहेब हसले. तिथं 'आय ॲम अँक्शस' म्हणायचं असतं. असो, नोकरी मिळाली!

माझी तक्रार वेगळीच आहे. निकालाआधीची धाकधूक, लेक सासरी गेल्यावरची हुरहूर, कर्जाचा घोर, आता सगळ्याला एकच शब्द. मागच्या वर्षी वडील म्हणाले, "जरा टेन्शन आहे." मी म्हटलं, "घेऊ नका," आणि ड्यूटीवर गेलो. सकाळपासून त्यांच्या छातीत दुखत होतं, हे रात्री दवाखान्यात कळलं.

वाचले. आता त्यांनी तो शब्द काढला की मी जवळ बसतो आणि विचारतो, "अण्णा, म्हणजे नक्की काय होतंय?"