पूल तोच, गर्डर नवे : आपल्या शेजारच्या ५० पॅरा ब्रिगेडची कहाणी

(गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, सायंआरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. अशा वेळी भाषण करणाऱ्याने फार लांबण लावू नये, हे मला कळते. मी फौजी नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ आणि पूल सांभाळणारा माणूस. पण बदली होऊन आग्र्याला आलो तेव्हा कॅन्ट स्टेशनच्या फलाटावर मरून बेरे घातलेले जवान दिसू लागले. सकाळी लाइनवर असताना दूर आकाशात पॅराशूट उघडलेली दिसत. चौकशी केली, वाचत गेलो, आणि कळले की या ब्रिगेडशी आपल्या मराठी मुलखाचे जुने नाते आहे. तेच आज सांगतो.

५० पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली. ब्रिगेड म्हणजे साधारण तीन पलटणी आणि त्यांच्या जोडीला तोफा, इंजिनीअर, दवाखाना. सुरुवातीला एक ब्रिटिश, एक हिंदी आणि एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या. वर्षभरातच ब्रिटिश पलटण बाहेर गेली, तिच्या जागी दुसरी गुरखा पलटण आली. पुढेही असेच होत राहिले. आमच्या पुलांच्या रजिस्टरमध्ये जुन्या पुलाचा नंबर असतो. त्याचे गर्डर बदलतात, दगडी खांबांना काँक्रीटचे जॅकेट चढते, पण नंबर तोच राहतो. ब्रिगेडचेही तसेच आहे.

पहिली खरी परीक्षा मार्च १९४४ मध्ये झाली, आणि ती विमानातून उडी मारून नव्हे, तर पायदळ म्हणून. मणिपूरमध्ये उखरूलजवळ सांगशाक नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. तिथे या ब्रिगेडला जपानी सैन्याने गाठले. मदतीला आपली ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. जमीन खडकाळ, खोल खंदक खणता येईनात, काटेरी तार नाही, पाणी जेमतेम. विमानांनी टाकलेला दारूगोळा बराचसा शत्रूच्याच हाती पडत होता. २१ ते २६ मार्च माणसे तशीच टिकून राहिली. अखेर हुकूम आल्यावर रात्रीच्या अंधारात जंगलातून बाहेर पडली. शेकडो माणसे मारली गेली किंवा जखमी झाली.

आणि एवढे करून पदरी काय आले? ठपका! ब्रिगेडने जागा सोडली, हेच काही दिवस बोलले गेले. पण तिथे अडकलेले जपानी सैन्य कोहिमाला निघालेले होते. त्यांचे गेलेले दिवस कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला मिळाले. जनरल स्लिम यांनी पुढे त्या वेळेचे मोल मान्य केले.

इथे एक घरगुती गोष्ट सांगतो. दुसऱ्या एका विभागात असताना, पावसाळ्याच्या एका रात्री गस्तवाल्या ट्रॅकमनच्या शब्दावर मी एका छोट्या पुलाशी गाड्या दोन तास थांबवल्या. दुसऱ्या दिवशी स्पष्टीकरणाचे पत्र आले. पाणी ओसरल्यावर दिसले की खांबामागची माती खालून वाहून गेली होती. पत्र मात्र फाइलमध्येच राहिले आणि त्या ट्रॅकमनचे नाव कुठेच लागले नाही. न घडलेल्या अपघाताची नोंद होत नाही, मंडळी! म्हणून सांगशाक मला जवळचे वाटते.

फाळणीत सैन्य वाटले गेले. ५० पॅरा भारताकडे राहिली आणि काही महिन्यांतच जम्मू भागात लढाईला गेली. तेव्हा कमांडर होते ब्रिगेडियर परांजपे. त्यांच्यानंतर आले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, आझमगढ जिल्ह्यातले. डिसेंबर १९४७ मध्ये झांगड हातचे गेले. ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असे उस्मानसाहेबांनी ठरवले. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरा राखले, मार्चमध्ये झांगड परत घेतले. ३ जुलै १९४८ रोजी तोफेच्या गोळ्याने त्यांना वीरमरण आले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

झांगडच्या लढाईत ३ मराठा होती. हिची वंशावळ १७९७ पर्यंत मागे जाते. पहिल्या महायुद्धात कुटच्या वेढ्यात हिने उपासमार सोसली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत, जुलै १९४४ मध्ये, हिच्याच नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. १९५२ मध्ये हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा (मराठा) झाली.

डिसेंबर १९६१ मध्ये ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या हाताखाली ५० पॅरा गोव्यात उतरली. २ पॅरा फोंड्याच्या वाटेने गेली, आणि १९ डिसेंबरला ब्रिगेडचे सैनिक मांडवी ओलांडून पणजीत शिरले. दहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९७१ रोजी, हीच २ पॅरा लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्याबरोबर तंगाईलजवळ आकाशातून उतरली. काम होते पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघारी जाणाऱ्या शत्रूची वाट अडवण्याचे. जमिनीवरून पुढे येणारी मराठा लाइट इन्फन्ट्री त्यांना तिथे येऊन मिळाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ही पलटण होती. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री मालदीवचे सरकार वाचवायला ब्रिगेडियर बुलसारा यांच्याबरोबर जे जवान गेले, त्यांची विमाने तर आपल्या याच आग्र्याहून उडाली.

२ पॅरा पुढे स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. गर्डर बदलला, पण नंबर राहिला.

शेवटी एक विनंती. दरवर्षी आरतीला पुढच्या रांगेत उभे राहणारे आपले एक आजोबा याच पलटणीतून निवृत्त झालेले होते. ते गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेतले डिस्चार्ज बुक आणि दोन पदके घरच्यांनी मला दाखवली. ते कुठे कुठे लढले, हे मुलांना सांगता आले नाही. आपण इतकी वर्षे शेजारी राहून कधी विचारले नाही, ही आपली चूक. ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी एक झेरॉक्स मंडळाकडे द्यावी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारावे. पुढच्या स्मरणिकेत चार पाने त्यांच्यासाठी ठेवू.

प्रसाद तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!