आपत्ती आणि उद्योगवृत्ती
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या निवृत्त शिक्षकाला या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला व सारी उमेद नोकरीत घालविलेला माणूस. उद्योगावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असे कोणी विचारील. परंतु घरचा कर्ता गेला, गिरणी बंद पडली किंवा पावसाने दगा दिला, की वर्गातील हुशार मुलगा शाळा सोडतो आणि पुढे वर्षानुवर्षे नोकरीची वाट पाहत बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपत्ती आली की आपण एक तर दैवाला बोल लावतो, नाही तर वशिला शोधतो. याखेरीज तिसराही मार्ग आहे. त्यालाच मी उद्योगवृत्ती म्हणतो. संकटाचा डोंगर एकदम उचलत नाही; त्यातला आज आपल्या हाताने हलेल असा धोंडा कोणता, हे पाहण्याची सवय म्हणजे उद्योगवृत्ती होय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे तेथे आढळून आले. रंग गेले, पण रेषा हाती होती. म्हणून ते यंत्रांची रेखाटने शिकले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असता त्यांना मिळावयाची बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावी आले आणि भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगराचा जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेच्या हुकुमाने कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली.

अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर रात्रीचा पहारा विश्वासाने सोपविलेला होता. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने हे विशेष ध्यानात घ्यावे. ज्ञाती आधार देऊ शकते. परंतु धंद्याला गिऱ्हाईकही सर्वांतून लागते आणि हातही सर्वांतून लागतात.

लक्ष्मणरावांच्या हाती निदान यंत्रविद्या होती. जिच्याजवळ पोळपाट-लाटण्यावाचून काही नाही, तिने काय करावे? याचे उत्तर मुंबईच्या गिरगावातील सात भगिनींनी दिले. १५ मार्च १९५९ रोजी जसवंतीबेन पोपट व त्यांच्या शेजारणी, ८० रुपये उसने घेऊन, गच्चीवर पापड लाटू लागल्या. पहिल्या दिवशी अवघी चार पाकिटे झाली. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पाऊस थांबविणे कोणाच्याच हाती नव्हते. पापड वाळविणे मात्र हाती होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड मांडावे, खाली स्टोव्ह पेटवावा. बाहेर पाऊस खुशाल कोसळो! ‘लिज्जत’ या नावाने हजारो स्त्रियांच्या चुली पेटविणारी संस्था पुढे उभी राहिली, ती अशा साध्या युक्तीच्या आणि चोख हिशेबाच्या बळावर.

मात्र प्रत्येक धंदा तरतोच, असे मी तरुणांना खोटे सांगणार नाही. कित्येक बुडतात, आणि बुडाल्यावर आपण ज्ञातिबांधव त्यांच्याशी कसे वागतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. नोकरी गेलेल्याची आपण कीव करतो. दुकान बुडालेल्याला मात्र नावे ठेवतो, आणि सोयरिकीच्या वेळी त्याच्या घराचा उंबरठा टाळतो. मग धाडस करावे कोणी? पंतप्रतिनिधींनी कर्ज दिले ते जागा गमावलेल्या माणसाला दिले, हे विसरू नये.

म्हणून माझी कार्यकारी मंडळाला नम्र विनंती आहे. विद्यार्थिसाहाय्य चालू राहिलेच पाहिजे. त्याच्या जोडीला उद्योगासाठी एक लहानसा कर्जनिधी स्थापन व्हावा. त्यातून दान देऊ नये. परतफेडीच्या बोलीवर, काम पाहून आणि हिशेब तपासून कर्ज द्यावे. अर्ज करण्याचा अधिकार मुलींना आणि विधवा भगिनींनाही मुलांइतकाच असावा. ज्याने एकदा प्रामाणिकपणे नुकसान सोसले आहे, त्याला दुसऱ्यांदा दार बंद नसावे. आणि तरुणांनो, वही घालून रोजचा हिशेब लिहिण्याची सवय आजपासूनच लावा. कर्ज मागावयास याल तेव्हा तीच तुमची खरी शिफारस ठरेल.