अंड्याच्या आकाराची भट्टी घेण्याआधी

आम्ही जुईनगरच्या बचत गटातल्या बाया. जुईनगर म्हणजे नवी मुंबईत, नेरूळ आणि सानपाड्याच्या मधे. एका बाजूला सिडकोच्या वेळच्या इमारती, पलीकडे शिरवण्यासारखी जुनी गावं. आमच्यातल्या निम्म्या आगरी, बाकीच्या सातारा, जुन्नर, महाडकडून लग्न होऊन आलेल्या आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. भाकऱ्या, मसाले, चटण्या हा आमचा धंदा.

मागच्या दिवाळीनंतर गटात एक विषय निघाला. वाशीच्या एका दुकानात एकीच्या भाच्याने कोळशावरची नवी भट्टी पाहिली होती. सिरॅमिकची, म्हणजे पक्क्या भाजलेल्या जाड मातीची, वरून चकचकीत, आकार उभ्या अंड्यासारखा. त्यात भाजता येतं, धुरावताही येतं. पार्ट्यांच्या ऑर्डरी मिळतील, पेटीतले पैसे काढू, असं तो म्हणाला. भाव ऐकला तेव्हा सगळ्या गप्प झालो. मोठी भट्टी घेतली असती तर आमच्या पेटीत बोटं बुडवायलाही काही उरलं नसतं.

तरी जाऊन पाहिली. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आतेने झाकण उचलून आत डोकावलं आणि म्हणाली, "अगो बाय, ही तं पोपटीच की!"

रायगडच्या मैत्रिणींना पोपटी सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, मीठ, ओवा, मधे कोंबडीचे तुकडे, अंडी, रताळी. तोंडही पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवतीने जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. माती तापते, ती उष्णता चारी बाजूंनी देते, आणि पदार्थ स्वतःच्या ओलाव्यात शिजतो. ही नवी भट्टीही तेच करते, फक्त विस्तव मडक्याच्या बाहेर नसून पोटात असतो.

तिचं घराणंही साधंच निघालं. जपानी भाषेत चुलीला कामाडो म्हणतात. तिथे भात शिजवायला झाकणाची गोल मातीची चूल असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती घरी नेली, आणि १९७४ साली अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' नावाची कंपनी निघाली. तिची हिरवी अंडी जगभर गेली.

आता ती चालते कशी ते नीट ऐका, कारण निवड त्यावरच करायची आहे. खाली एक झडप असते, तिथून हवा आत येते. वर झाकणाच्या टोकाला दुसरी, तिथून धूर बाहेर जातो. झडपा उघडल्या की निखारा फुलतो, अर्ध्या मिटल्या की मंदावतो, पूर्ण बंद केल्या की हवा न मिळून विझतो. उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटतो. लोखंडी शेगडीत उष्णता चहूकडे उडून जाते, म्हणून सारखा कोळसा टाकावा लागतो. इथे जाड माती ती धरून ठेवते. आमची पाच किलोची पिशवी चार-पाच वेळा पुरते.

म्हणून दुकानात गेलात तर रंग पाहू नका. मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तसं इथेही बोटाच्या सांध्याने टिचकवा. खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. वरच्या चकाकीवर केसासारख्या बारीक रेषा असतात, त्यांनी बिघडत नाही. आरपार तडा मात्र नको. झाकणाच्या कडेला जाड लोकरी कापडासारखी पट्टी असते. तिथे दहाची नोट ठेवून झाकण लावा आणि ओढा. नोट अडली पाहिजे. सहज निघाली तर तिथून हवा शिरणार, मग झडपा कितीही फिरवा, निखारा तुमचं ऐकणार नाही. बिजागरी एका हाताने झाकण उचलू देते का तेही बघा, कारण ते झाकण आपल्या पाट्याइतकं जड असतं. मोठी भट्टी साठ-सत्तर किलोंच्या पुढे जाते. ती तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हा प्रश्न भाच्याला सुचला नव्हता.

आणि आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे बोलणं घेतलं, ती. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्यातल्या एकीने फ्लॅटच्या बंद बाल्कनीत साधी कोळशाची शेगडी पेटवली होती. बाहेर पाऊस, म्हणून काचा लावलेल्या. कणसं भाजून झाली. निखारे लाल होते, धूर अजिबात नव्हता, म्हणून शेगडी ऊब घ्यायला आत ओढली. तासाभरात तिचं डोकं जड झालं, मळमळ सुटली, सासूबाई उलट्या करायला लागल्या. त्यांना वाटलं, मासळी बाधली. शेजारणीने दार उघडलं, दोघींना जिन्यात आणलं, दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की तो कोळशाचा वायू होता. कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि तो नेमका लालबुंद निखाऱ्यातूनच निघत राहतो. रक्तात शिरला की शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपेत असलेलं माणूस उठतच नाही. अशी शंका आली तर आधी माणसाला उघड्यावर आणायचं, मग दवाखाना.

म्हणून ही भट्टी, शेगडी, तंदूर, काहीही असो, उघड्या अंगणातच. बंद बाल्कनी नको, स्वयंपाकघर नको, पडवीला ताडपत्री बांधून केलेला आडोसाही नको. ज्यांना अंगण नाही त्यांनी ती कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. आमच्यातल्या फ्लॅटवाल्या यावर थोड्या रुसल्या, पण ठरलं ते ठरलं. तुम्हा गावाकडच्या मैत्रिणींचा आम्हाला इथे हेवा वाटतो, कारण तुमचं अंगण दारातच.

आम्ही शेवटी लहान आकाराची एकच घेतली, सगळ्यांच्या पैशातून, आणि शिरवण्यातल्या आतेच्या अंगणात ठेवली. पहिल्या तीन-चार वेळा मंद आचेवरच पेटवली, नवी माती एकदम तापवू नये म्हणून. तापलेली असताना पाणी कधीच मारत नाही, तडकते. पेटवायला नारळाची शेंडी आणि वाळक्या काटक्या. रॉकेल अजिबात नाही, माती तो वास पिऊन बसते आणि महिनाभर बोंबलाला रॉकेल लागतं. कोळसा लाकडाचा, दगडी कोळसा अन्नाजवळ आणायचा नाही. धुरासाठी आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळक्या लाकडाचे तुकडे टाकतो. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खिडक्या चालत नाहीत, त्या धुरात विष असतं. झाकण उघडताना आधी बोटभर उचलून थांबायचं, मग पूर्ण. एकदम उघडलं तर आतल्या गरम निखाऱ्याला हवा मिळून जाळ तोंडावर येतो. एकीच्या भुवया गेल्या, परत आल्या.

धुरावण्याबद्दल एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे सुकवलेली मासळी महिनेन् महिने टिकते, म्हणून आम्हाला वाटलं धुरावलेली कोंबडीही टिकेल. नाही टिकत. मासळीतला ओलावा मीठ आणि ऊन काढून घेतं. या भट्टीत मांस शिजतं आणि धुराचा वास लागतो, एवढंच. ते त्याच दिवशी खायचं, नाहीतर फ्रीजमध्ये. आणि कोंबडी बाहेरून तांबूस झाली म्हणजे आत शिजली असंही नाही. झाकणावरचा काटा आतल्या हवेचा असतो, मांसाचा नाही. टोचून बघायचा छोटा तापमापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा. ऑर्डर देणार असाल तर हे सोडूच नका, एका घरात पोट बिघडलं की गटाचं नाव गेलं.

ऑर्डरीचं म्हणाल तर, २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने मुंबईतल्या कोळसा-लाकडावरच्या बेकऱ्यांना गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि महापालिकेने हॉटेलांच्या तंदुरांनाही नोटिसा धाडल्या. आमची घरगुती भट्टी अंगणातली, तरी धंदा वाढवायचा तर आधी पालिकेत विचारायचं असं ठरलंय. तुम्हीही कर्ज काढण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. पैसे अजून वसूल झालेले नाहीत, हे लपवत नाही. हिवाळ्यात थोड्या ऑर्डरी आल्या, पावसाळ्यात शून्य.

ज्यांना फक्त घरच्यासाठी हवी, त्यांना आम्ही म्हणू, आधी मडकं आणि पाला घ्या. साधं, भाजलेलं, रंग किंवा चकाकी न लावलेलं मडकं, कारण स्वस्त चकाकीत शिसं असू शकतं. आतेची खूण अशी की जाळ ओसरला की मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच उडालं की पोपटी झाली. आमच्या भट्टीवर तापमानाचा काटा आहे, तरी आते त्याच्याकडे बघत नाही. पाणी मारायला मात्र आम्ही तिला तिथे जाऊ देत नाही.