मुबलक मासळीला मर्यादा हवी का?

(हुबळी येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे मासळीचा विषय पाहून आज सकाळीच काहींनी थट्टा केली. म्हणाले, सचिवांनी महागाई भत्ता सोडून आता मासळीबाजार धरला. थट्टा मान्य आहे. पण हा विषय मी आणलेला नाही. गेल्या वर्गात जेवणाच्या पंगतीत वास्कोकडच्या आपल्या एका सभासदाने तो काढला. हे गृहस्थ रेस्टच्या दिवशी गळ घेऊन खडकावर बसतात. कधी तांबोशी लागते, कधी चोणक, कधी नुसते ऊन लागते. अमेरिकेत हौशी गळवाल्यालाही दिवसाला अमुकच मासे घरी नेता येतात, आणि तेही ढिगाने सापडणारे मासे, असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. त्यांचा सवाल होता, "कॉम्रेड, मासा मुबलक, गळ एक आणि दर्या एवढा मोठा. मग मोजायचे कशाला?"

मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण मला ते येत नव्हते. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. वर्षभर जमेल तसे वाचले, इंग्रजी जिथे अडले तिथे मुलीकडून समजून घेतले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

माझे आजोळ मालवणकडचे. लहानपणी मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जायचो. मामा रापणीचा भागीदार होता. रापण म्हणजे काय हे घाटावरच्या मंडळींना सांगायला हवे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात लांबलचक जाळे सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची. मासळी आली की वाटे पडतात. कधी बांगडा इतका येई की विकून, वाटून, सुकवूनही उरे, आणि उरलेला माडांच्या आळ्यात खत म्हणून पुरला जाई. खाण्याचा मासा जमिनीत पुरताना मी पाहिला आहे. एकदा मी मामाला विचारले की एवढा धरला तर पुढे कमी पडणार नाही का? मामा हसून म्हणाला, "दर्या काय आटतलो?"

आता मामाला हसू नका. १८८३ साली लंडनला मत्स्यव्यवसायाचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे टी. एच. हक्सले या त्या काळच्या नामांकित शास्त्रज्ञाने साधारण हेच सांगितले होते, की कॉडसारखी समुद्रातली मोठी मासळी माणसाच्या धरण्याने संपणारी नाही. त्यानंतर बरोबर एकशे नऊ वर्षांनी, २ जुलै १९९२ रोजी, कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर तीच कॉड धरायला बंदी घालावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचे काम एका घोषणेने गेले. नावेवरचे गेले, मासळी कापणाऱ्या कारखान्यांतले गेले. बंदी आधी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती पूर्ण उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती थोड्याच मासळीची.

पण कॉड हा जहाजांनी संपवलेला मासा. आपल्या वास्कोकर मित्राचा प्रश्न गळवाल्याचा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक मासा पाहू. नाव ब्लूफिश. दातेरी जबड्याचा, खादाड, झुंडीने येणारा. लहान मासळीच्या मागे लागला की तिला थेट वाळूवर हाकलतो, आणि मग किनाऱ्यावरच्या लोकांची गळ टाकायला धांदल उडते. मांस तेलकट, आपल्या बांगड्यासारखे लवकर खराब होणारे. त्यामुळे धरण्यात मजा मोठी, पण चार घरी वाटूनही पुष्कळ वाया जायचा. एकूण धरलेल्या ब्लूफिशपैकी सुमारे चार पंचमांश हौशी गळवाल्यांचा असतो. ट्रॉलर आणि जाळीवाले यांचा वाटा उरलेला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हा मासा मुबलक होता. १९७९ साली आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक मिळू लागल्याची कुणकुण लागली, तेव्हा काही नियम करा अशी मागणी मासे धरणाऱ्यांनीच केली. टंचाई नव्हती. बाहेरचा मोठा व्यापार आला तर सगळे उचलून नेईल, ही भीती होती. सरकारी कारभार तिकडेही आपल्यासारखाच. आराखडा अमलात यायला १९९० च्या आसपास वेळ लागला. त्यात हौशी माणसाला दिवसाला १० मासे आणि धंदेवाल्यांना एकूण मासळीचा २० टक्के वाटा ठरला. पुढे मासा घटला, मग सावरला, आणि २००० नंतर १० चे १५ केले. २००९ मध्ये मासा पूर्ण सावरला असे जाहीर झाले.

आता पुढचा भाग टपाल खात्यातल्या मंडळींनी नीट ऐकावा. हौशी लोक किती मासे धरतात हे मोजायचे कसे? बंदरावर जहाज लागले की वजनकाटा असतो. लाखो गळवाल्यांचा काटा कुठे? तिथे पाहणीचे दोन भाग होते. किनाऱ्यावर माणसे उभी राहून कोणी काय धरले ते पाहात, आणि घरोघरी टेलिफोन करून किती वेळा मासे धरायला गेलात हे विचारत. पुढे लोकांनी घरचे टेलिफोन काढून टाकले, जे उरले ते फोन उचलेनात, आणि आकडा लंगडा झाला. म्हणून मग टपालाने प्रश्नपत्रिका पाठवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये हा नवा हिशेब जुन्या वर्षांनाही लावला, तेव्हा दिसले की लोक समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा गळ टाकत होते, विशेषतः किनाऱ्यावरून. मधल्या काळात हौशींचा वाटा शिल्लक राहतो असे धरून त्यातला काही भाग दरवर्षी धंदेवाल्यांना दिला जात होता. जी शिल्लक वाटली, ती मुळात शिल्लकच नव्हती. २०१९ च्या मूल्यमापनात ब्लूफिशचा साठा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे निघाले आणि २०२० पासून १५ चे एकदम ३ झाले.

टपालाचा आकडाही देववाक्य नव्हे हे सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये त्याच खात्याने प्रश्नांचा क्रम बदलून एक छोटी चाचणी घेतली, तर उत्तरे सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी कमी आली. आधी काय विचारले यावर माणसाची आठवण बदलते. आपल्याकडे ओव्हरटाइमचा हिशेब ज्याने आठवणीतून लिहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. तरीही मूळ मुद्दा राहतोच. एक गळ काही करत नाही हे खरे आहे, पण गळ एक नसतो. प्रत्येक जण स्वतःचा एकच गळ पाहतो.

१५ वरून ३. हा आकडा ऐकून आपल्या गँगमधल्या जुन्या ट्रॅकमन मंडळींच्या काय मनात येईल ते मी सांगतो. कीमन रोज रुळावरून चालतो. कुठे खडी सरकली, कुठे जोड सैल झाला हे तो पाहतो आणि कळवतो. वेळेवर कळवले तर त्या तुकड्यावर कॉशन ऑर्डर लागते, गाडी सावकाश जाते, लोको पायलट कुरकुरतो, पाच-सात मिनिटे जातात. वेळेवर नाही कळवले तर पुढे लाइनच बंद पडते. दोन्हीत गाडीला उशीर आहे, पण त्या दोन उशिरांत फरक किती हे रेल्वेच्या माणसाला समजावावे लागत नाही. मासा मुबलक असताना ठरवलेली मर्यादा सैल असते, कोणाच्या ताटातला घास जात नाही. बोलणी शांतपणे होतात. मासा संपल्यावरची मर्यादा म्हणजे बंदीच. त्याच किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बास या माशाच्या बाबतीत मेरीलँड राज्यात १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे संपूर्ण बंदी होती. १९९५ मध्ये तो सावरल्याचे जाहीर झाले, आणि २०१९ च्या मूल्यमापनात पुन्हा खाली गेलेला निघाला.

विरुद्ध बाजूही मी वाचली आणि ती पोकळ नाही. ब्लूफिश माणसाने हात न लावताही दशकानुदशके कमीजास्त होतो, कधी किनारा सोडून खोल पाण्यात राहतो. मग त्याचा दोष गळवाल्यावर का? दुसरे, मर्यादा झाल्यावर परत सोडलेल्या माशांपैकीही काही गळाच्या जखमेने मरतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आपोआप कमी होणाऱ्या माशाला तर जास्तच जपायला हवे, असे मला वाटते. वाईट वर्ष येणार आहे हे माहीत असताना चांगल्या वर्षातली शिल्लक कोणी उडवून टाकत नाही. आपली पतपेढी तरी तशी चालत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. केरळात २०१२ साली तारली सुमारे ३.९ लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. पाण्याचे तापमान आणि हवामान हे त्याचे मोठे कारण असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात, आणि पिल्ले धरण्याचाही त्यात हात आहे हेही तेच सांगतात. केरळने २०१५ मध्ये किमान आकाराचा नियम केला, तारलीसाठी १० सेंटीमीटर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असे आकार ठरवले. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचे नाही. तारली पुढच्या वर्षांत बरीच परतली. पण मधल्या काळात ज्या घरांत चूल पेटायची अडचण झाली त्यांना कोणी भरपाई दिली असेल तर ती पुरेशी नव्हती.

आणि कोळी समाजाला मर्यादा काही सरकारने शिकवलेली नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा नियम १९८१ च्या कायद्याहून फार जुना आहे. कारण वादळाचे असो की मासळीच्या पैदाशीचे, पावसाळ्यात दर्याला विश्रांती मिळायची.

आता मला जे खटकले ते. अमेरिकेत २०२० मध्ये ३ ची मर्यादा लागली ती किनाऱ्यावरून किंवा स्वतःच्या होडीतून मासे धरणाऱ्याला. भाड्याच्या नावेवर पैसे भरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र ५. नावमालकांचे म्हणणे, तीन माशांसाठी कोणी भाडे देणार नाही, आणि नावेवरच्या खलाशाची रोजी बुडेल. खलाशाची रोजी मी नाकारत नाही. पण धक्क्यावर उभे राहून गळ टाकणाऱ्यांत घरी खायला मासा नेणारी गरीब माणसेही असतात. ज्याच्याकडे नावेचे भाडे नाही त्याला तीन आणि ज्याच्याकडे आहे त्याला पाच, हा हिशेब मला पटलेला नाही. मर्यादा ठरवताना टेबलाच्या या बाजूला कोण बसले होते, हे विचारायची आपल्याला सवय आहे आणि ती चांगली आहे. आपल्या किनाऱ्यावरही गळवाल्याला नियम दाखवायचे आणि एलईडी दिवे लावून रात्री झुंडीच्या झुंडी उचलणाऱ्याकडे डोळेझाक करायची, असे होत असेल तर गळवाला नियम पाळणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून वास्कोकर मित्राला माझे उत्तर असे. मर्यादा हवी, आणि मासा मुबलक आहे तेव्हाच हवी. ती मोठ्या जाळ्याला आधी आणि गळाला नंतर लागावी, पण गळाला अजिबात नको असे म्हणता येणार नाही. ती ठरवताना धरणारा माणूस समोर बसलेला हवा. आणि मोजणीशिवाय तर बोलणेच नको.

हे सगळे मी त्यांना दोन महिन्यांपूर्वी फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मोजणी आम्हीच सुरू केली तर? त्यांच्याबरोबर गळ टाकणारे आणखी तिघे आहेत, त्यांतले एक पोस्टमन. चौघांनी मिळून एक वही केली आहे. तारीख, जागा, मासा कोणता, किती बोटे लांब, नेला की सोडला. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःपुरता आकडाही लिहिला आहे. तो किती यावर चौघांचे भांडण झाले, ते मिटले आहे की नाही मला माहीत नाही. वही त्यांनी आज बरोबर आणली आहे. चहानंतर ते वाचून दाखवतील, तेव्हा मागच्या रांगेतल्या कारवारच्या मंडळींनी लगेच गाडी पकडायला पळू नये, एवढी विनंती करून मी खाली बसतो.