कॉफीचं झाड आणि गटाचे पैसे

(मिरकरवाडा, रत्नागिरी इथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हे रोप आधी हातोहात फिरवा. पानं बघा, समोरासमोर दोन-दोन. कदंबाची आणि बारतोंडीची पानं आठवतात का? हे त्यांच्याच कुळातलं, कॉफीचं.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ तुमच्या गटांना भेटून गेले. गटाच्या पैशांतून रोपं घ्या, गावाकडच्या वाडीत नारळी-पोफळीखाली लावा, तीन वर्षांनी माल आम्हीच उचलू, असं सांगून गेले. तुम्ही मला विचारलंत, ‘ताई, घालू का पैसे?’ मी समाजकार्य शिकले, शेती नाही. म्हणून थोडं वाचलं, विचारपूस केली आणि त्यांच्याकडूनच हे एक रोप मागून आणलं. ‘घाला’ किंवा ‘नका घालू’ असं मी सांगणार नाही. झाड कसं आहे ते सांगते.

कॉफी मूळची आफ्रिकेतली. येमेनमधले सूफी रात्रीच्या इबादतीत झोप येऊ नये म्हणून ती पीत. तिथून बाबा बुडन नावाचे फकीर हजहून परतताना सात बिया घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी परंपरा सांगते. साल 1670 च्या सुमाराचं. आपल्याकडे जुनी माणसं या बियांना बुंददाणे म्हणत. महाराष्ट्रातही कॉफी होते, पण ती अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. तुम्ही बसलात तिथून समुद्राचं पाणी पायाला लागतं. हा फरक लक्षात ठेवा.

कारण कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत. अरेबिकाला उंचावरची थंड हवा लागते. चिखलदऱ्याची कॉफी ती. सखल, उष्ण जागी तिच्यावर तांबेरा पडतो, खोडकिडा लागतो. तांबेऱ्याने 1869 नंतर श्रीलंकेतले कॉफीचे मळे असे बसवले, की तिथले मळेवाले चहाकडे वळले. दुसरी जात रोबस्टा. ती दणकट, उष्णता सोसणारी. भारतात होणाऱ्या कॉफीत सुमारे 70 टक्के तीच असते. त्या गृहस्थांच्या कागदावर रोबस्टाच लिहिलंय. म्हणजे जात त्यांनी चुकीची सांगितलेली नाही, हे मान्य करू.

पण रोबस्टाची एक खोड आहे. अरेबिकाचं फूल आपल्याच परागाने फळ धरतं. रोबस्टाचं धरत नाही. तिला दुसऱ्या वाणाच्या झाडाचे पराग लागतात, ते वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी यावे लागतात. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली हजार रोपं तुम्ही लावलीत, तर ती सगळी मिळून एकच झाड. फुलतील पांढरीशुभ्र, वास जाईसारखा, पण फळ धरणार नाही. तेव्हा पहिला प्रश्न हा: रोपं बियांची की फांद्यांची, आणि फांद्यांची असतील तर किती वेगवेगळ्या झाडांवरून घेतलेली?

दुसरी गोष्ट पाण्याची. कळ्या थंडीत धरतात आणि पाणी मिळेपर्यंत गप्प बसून राहतात. कर्नाटकात फेब्रुवारी-मार्चमध्ये एक सर येते, तिच्यावर आठवड्याभरात मळा फुलतो. पुढे तीन आठवड्यांच्या आत पुन्हा पाणी लागतं, नाहीतर धरलेलं फळ टिकत नाही. सर चुकली तर मळेवाले फवाऱ्याने पाणी देतात. आपल्याकडे पाऊस बक्कळ, पण तो जून ते सप्टेंबर. मार्चमध्ये गावाकडच्या विहिरीची काय अवस्था असते? त्या दिवसांत पिण्याचं पाणी कोण आणतं? कॉफीलाही तीच आणणार.

आता कामाबद्दल. झुबक्यातली सगळी फळं एकदम पिकत नाहीत. चार लाल, सहा हिरवी. चांगला माल हवा तर लालच वेचायची, पुन्हा पंधरा दिवसांनी त्याच झाडाशी यायचं. त्यामुळे तोडणी हाताची, आणि मळ्यांत हे हात बहुतेक बायकांचे असतात. फळात दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावलेल्या. साधारण पाच किलो ओल्या फळांपासून एक किलो बी निघतं. वाळवणं, निवडणं पुन्हा बायकांकडे. कोळंबी सोलून किलोवर पैसे घेणाऱ्या तुम्ही. नाजूक बोटांचं काम म्हणून कसं कौतुक होतं आणि हातात किती पडतं, ते मी तुम्हाला काय सांगणार? 1951 साली मळ्यांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात निदान पाळणाघराची तरतूद होती. तुम्हाला मात्र ‘तुम्ही मालकीण’ म्हणून सांगितलंय. मालकिणीच्या पोराला पाळणाघर नसतं.

आणि रोबस्टाची तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे बंदर भरात असताना. तुमचे हात रिकामे असतात ते 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंदीत. त्या दोन महिन्यांत कॉफी काही देत नाही, उलट खड्डे, लागवड आणि बेणणी मागते. घरात पैसा नसतो नेमका तेव्हाच खर्च.

इथे माझ्या माहेरचं सांगते. सावंतवाडीकडे वडिलांनी 2002 साली व्हॅनिला लावली. तेव्हा भाव चढत होता, वेल घ्यायला लोक रांगा लावत. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उमलतं आणि आपल्याकडे त्याचं परागीकरण हातानेच करावं लागतं. वेल फुलले 2005 ला. मी दहावीत होते. आई पहाटे काडी घेऊन मांडवात जायची, एकेक फूल उघडून बंद करायची, मग चुलीशी. शेंगा हाती आल्या तेव्हा भाव कोसळला होता. वेल देणाऱ्याने उचलतो म्हटलेला माल उचलला नाही. वडिलांचं नुकसान झालं असं सगळ्यांनी म्हटलं. गहाण पडलेल्या बांगड्या आईच्या होत्या, पण आईचं नुकसान झालं असं कुणी म्हटलं नाही. मीही तेव्हा म्हटलं नव्हतं.

शेवटचा मुद्दा जमिनीचा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कॉफीला पहिला बहार तीन-चार वर्षांनी, भरात यायला आणखी दोन-तीन. पण नीट राखली तर झाड चाळीस-पन्नास वर्षं फळ देतं. एवढा काळ ते कुणाच्या जमिनीत उभं राहणार? तुमच्यापैकी बहुतेकींनी सासरच्या वाडीचं नाव घेतलंत. सातबारा दिराच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. रोपांचे पैसे गटाचे, झाड मात्र ज्याचा सातबारा त्याचं. उद्या भांडण झालं, तलाक झाला, नवरा गेला, तर झाड उपटून घेऊन येता येत नाही. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना सरकारने 1992 साली आणली. तलाठ्याकडे चौकशीला मी बरोबर येईन. ते जमत नसेल तर गटाच्या नावाने लेखी, नोंदवलेला भाडेपट्टा, निदान वीस वर्षांचा. दिराला विचारून बघा. तो काय म्हणतो त्यावरून बरंच कळेल.

ज्यांना हौस आहे त्यांनी पाच-सहा रोपं परसात पोफळीच्या सावलीत लावून बघावीत, गटाच्या पैशांना हात न लावता. झाड जगेल, मला वाटतं. फळ धरतं का ते बघू.

ते गृहस्थ येत्या शुक्रवारी परत येणार आहेत. मी मागे बसेन, विचारायचं तुम्ही. रोपं किती झाडांची, मार्चमधलं पाणी कुठून, माल उचलण्याचा करार लेखी आहे का आणि त्यात भाव लिहिलाय का. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांनी कागद मोठ्याने वाचून घ्यायला सांगावं, दोनदा. सही त्या दिवशी कुणीच करायची नाही, एवढं आत्ताच ठरवून टाकू.

रोप फिरून झालं का? इकडे द्या, उन्हात नको.